तवा काळाच दिसला पाहिजे

नवरात्राच्या आधी आमच्या मन्याड खोऱ्यात घरोघर दसरा काढतात. वाकळा, सतरंज्या नदीवर नाहीतर विहिरीवर जातात. फळीवरची भांडी चिंच आणि राख लावून घासली जातात. वर्षभर अंधारात पडून राहिलेलं सामान, दांडा मोडलेल्या रवीपासून पणजोबांच्या अडकित्त्यापर्यंत, अंगणात उन्हाला येतं. अलीकडे या पसाऱ्यात फोन घेऊन फिरणारी पोरंपोरीही दिसतात. घंगाळाचा फोटो निघतो, जात्याचा निघतो, शिंकाळ्याचा निघतो. मिनिटभरात तो उजळला जातो, कडेला आलेली केरसुणी पुसली जाते, रंगांना जरा चढ दिला जातो आणि स्टेटसला लागतो.

ही हौस मला आवडते. घरातल्या भांड्याकडे कुणी पाच मिनिटं टक लावून बघतं, हेच आपल्याकडे नवं आहे. माझं भांडण पुढच्या मिनिटाशी आहे. त्या मिनिटात वस्तूवरचा डाग कोणता आणि खूण कोणती, हे कुणीतरी ठरवतं. बहुतेक वेळा ते आपण ठरवत नाही, फोन ठरवतो. आणि घरगुती वस्तूंच्या बाबतीत त्याला हा अधिकार देऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

तव्याचंच बघा. ज्वारीच्या भाकरीचा लोखंडी तवा चुलीवर वर्षानुवर्षं तापून मिट्ट काळा होतो. चौकट भरेल एवढा जवळून त्याचा फोटो काढला तर तो करडा येतो. कारण सोपं आहे. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या छटेचं असतं, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण 18 टक्के उजेड परत फेकतं, या गृहीतावर कॅमेऱ्याचं प्रकाशमापन उभं राहिलं. समोर सगळं काळंच असेल तर यंत्राला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून ते चित्र उजळतं. उलट सुपात पांढरंशुभ्र तांदळाचं पीठ असेल तर तेही मळकट करडं येतं. आजचे फोन पूर्वीच्या कॅमेऱ्यांपेक्षा पुष्कळ हुशार आहेत, तरी ही खोड पुरती गेलेली नाही. काळा रंग म्हणजे उणीव, ही समजूत यंत्रात मुरलेली आहे. माणसांच्या चेहऱ्यांच्या बाबतीत या समजुतीवर जगभर वाद झाले. तव्याची बाजू कुणी घेतली नाही.

आता कुणी म्हणेल, मग संपादन करूच नका, फोननं काढला तसा फोटो ठेवा. हे ऐकायला सात्त्विक वाटतं, पण तसा फोटो अस्तित्वातच नसतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांच्या नावानं ओळखली जाणारी, कॅमेऱ्याच्या संवेदकावरची रंगगाळणी 1976 पासूनची आहे आणि आजच्या बहुतेक फोनमध्ये तीच किंवा तिचीच भावंडं आहेत. तिच्यात अर्धे बिंदू हिरवा रंग मोजतात, पाव लाल, पाव निळा. म्हणजे एका बिंदूवर एकच रंग प्रत्यक्ष मोजलेला असतो, उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून काढलेला अंदाज असतो. त्यावर फोन एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्यांची बेरीज करतो, सावल्या उचलतो, झगझगाट दाबतो, दाणेदारपणा पुसतो आणि कडांना धार लावतो. आपलं बोट बटणावरून उठेपर्यंत एवढं सगळं उरकलेलं असतं.

2023 च्या मार्चमध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि दुरून सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले खळगे आणि तपशील फोटोत उमटले. समोर चंद्र आहे हे फोननं ओळखलं आणि चंद्र कसा असायला हवा याच्या आपल्या ज्ञानातून ते भरून काढले. जगभर गाजावाजा झाला. चंद्राच्या बाबतीत एक सोय आहे: खरा चंद्र रोज वर असतो, पडताळा घेता येतो. तुमच्या आजीच्या काठवटीचा पडताळा कशावरून घेणार? ती एकदा चुलीत गेली की गेली. म्हणून संपादन हवं की नको, हा प्रश्न माझ्या लेखी निकाली निघालेला आहे. संपादन होतच असतं. ते कुणी करायचं आणि कशासाठी, एवढंच ठरवायचं उरतं.

या प्रश्नाचं वय छायाचित्रणाच्या वयाएवढंच आहे. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यानं 1844 ते 1846 या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे छायाचित्रांचं पुस्तक भागाभागांनी काढलं. त्यात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो आहे, काचेच्या भांड्यांचा आहे, आणि उघड्या दाराला टेकवलेल्या खराट्याचाही आहे. भांड्यांच्या फोटोखाली टॅलबट लिहितो की उद्या चोरानं ही भांडी नेली तर हे मुकं चित्र न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता येईल. खराट्याच्या फोटोखाली मात्र तो डच चित्रकारांची आठवण काढतो आणि रोजच्या साध्या दृश्यातही चित्रकाराच्या नजरेला थांबायला जागा असते, असं सुचवतो. म्हणजे एकाच पुस्तकात, एकाच माणसाच्या हातून दोन वाटा फुटल्या. भांडं हा पुरावा, आणि खराटा हे चित्र. आज फोनमधली फिल्टरं आपल्याला दुसऱ्या वाटेला हाकत नेतात आणि पहिलीचा विसर पाडतात.

दुसऱ्या वाटेनं गेलेले मोठे लोक आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टननं 1930 मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नाळक्यात ठेवून तिचा फोटो काढला. तो पाहताना ती मिरची आहे हे विसरायला होतं, दिसतात फक्त वळणं आणि उजेड. आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वं मांडली. त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधला तो विचार मराठीत पुढे बराच घासूनपुसून पाहिला गेला, आणि आमच्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनीही सौंदर्यशास्त्रात आपली कुदळ मारली. या नजरेनं पाहिलं तर चिमट्याच्या दोन पात्यांची लांबलचक निमुळती रेघ किंवा एकात एक बसलेल्या पातेल्यांच्या कडा खरोखरच सुंदर असतात. मला अडचण वाटते ती एवढीच की या सौंदर्यात चिमटा कुणाच्या हातात होता हे येत नाही, आणि येण्याची गरजही नसते. वेस्टनला ती मिरची कुणाच्या शेतातली हे सांगायचं नव्हतं. आपल्याला सांगायचं आहे.

मला जवळचा वाटतो तो वॉकर इव्हान्स. 1955 च्या जुलैमध्ये ‘फॉर्च्युन’ या मासिकात त्यानं साध्या हत्यारांचे मोजके फोटो छापले, पाना, पत्रा कापायची कात्री, थापी असे. मागे साधी पार्श्वभूमी, उजेड सारखा, कसलंही नाटक नाही, आणि फोटोखाली त्या हत्याराची किंमत. सौंदर्य आहेच, पण ते हत्याराचं स्वतःचं आहे.

हे सगळं मन्याड खोऱ्यातल्या आमच्या कंधारच्या संदर्भात का मांडायचं? कारण आमच्या गावाला नोंदींची सवय जुनी आहे, पण ती नोंद कुणाची व्हायची याचेही नियम तेवढेच जुने आहेत. राष्ट्रकूटांच्या काळी हे मोठं नगर होतं. तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, दहाव्या शतकातला शिलालेख इथं सापडला. एका अतिविशाल क्षेत्रपाळाच्या मूर्तीचे पाय आणि इतर अवशेष इथं आहेत. नुसतं पाऊल बघितलं तरी पुरी मूर्ती केवढी असेल या विचारानं मान वर जाते. किल्ला आहे, खंदक आहे, जगत्तुंग सागर आहे. यांचे फोटो निघाले, मोजमापं झाली, लेख वाचले गेले. त्याच नगरात त्याच काळी ज्या मडक्यात कण्या शिजल्या असतील त्यांची खापरं मात्र पांढरीच्या मातीत गेली.

पुढे कॅमेरा आला तेव्हाही हाच पंक्तिभेद चालला. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत कंधार निजामाच्या राज्यात होतं, आणि त्या राज्याला राजा दीनदयाळ यांच्यासारखा अव्वल दर्जाचा छायाचित्रकार लाभला होता. सहाव्या निजामाच्या दरबारचे, महालांचे, मेजवान्यांचे, झुंबरांखाली मांडलेल्या दिवाणखान्यांचे त्यांचे फोटो आजही बघत राहावे असे आहेत. 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबादकडे चाललेल्या मदतकार्याचे फोटोही त्यांच्या नावावर आहेत, हाडं दिसणारी माणसं ओळीनं बसलेली. म्हणजे महालातल्या वस्तूंना फोटो मिळाला, आणि खेड्यातल्या माणसाला मिळाला तो उपाशी असल्यामुळे. त्याच्या घरातल्या काठवटीला, वाकळेला, चिमणीला कुणी फोटोच्या लायकीचं मानलं नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी ही चूक ओळखली. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या या माणसानं 1920 च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, वज्री, कुंकवाचे करंडे, विळ्या, सोऱ्ये गोळा करायला सुरुवात केली, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. महाराष्ट्रात घरगुती वस्तूला मान मिळवून देण्याचं श्रेय एका माणसाला द्यायचं तर ते केळकरांना द्यावं लागेल. तरीही कोणत्याही संग्राहकाचा हात आधी नक्षीकडे जातो. मोराचा अडकित्ता संग्रहात येतो, बिनघाटाचा राहून जातो. त्यात त्याचा दोष नाही. जागा आणि पैसा दोन्ही मोजके असतात. फोनला ही अडचण नाही. दहा पैशांची नक्षी नसलेल्या उलथण्याचा फोटो ठेवायलाही खर्च येत नाही, आणि म्हणूनच संग्रहालयांतून गळालेल्या वस्तूंची नोंद करायला याहून सोयीचं साधन आजवर आपल्या हाती आलं नव्हतं.

शिवाय आमच्या घरांतही शिलालेख आहेत. लग्नाच्या आहेरातलं भांडं घ्या. टिंबाटिंबानं ठोकून किंवा यंत्रानं कोरून त्यावर नाव घातलेलं असतं. अमक्याच्या विवाहाप्रीत्यर्थ तमक्याकडून सप्रेम भेट, गाव, तारीख. कुठल्या गावच्या सोयरिकी होत्या, पितळ जाऊन स्टील कधी आलं, घरात कुणाचं नाव चालत होतं, हे सारं त्या चार ओळींत असतं. बाईच्या माहेरचं भांडं असलं तरी त्यावर बहुधा नाव बापाचं नाहीतर भावाचं, हेही त्यातच वाचता येतं. अशी भांडी दर दुष्काळात आणि दर लग्नसराईत मोडीत जातात. कासार वजन करतो, अक्षरं वाचत बसत नाही.

इथं फोनचं ‘सुधारणं’ खरोखर नुकसान करतं. घासून घासून झिजलेली अक्षरं त्याला ओरखडे वाटतात. डाग काढायच्या अवजारानं बोट फिरवलं की आजोबांच्या नावातला एखादा काना नाहीसा होतो, आणि भांडं छान दिसतं. जात्याच्या तळीला टाकी लावलेली असते, म्हणजे दळण नीट व्हावं म्हणून छिन्नीनं बारीक खाचा पाडलेल्या असतात. माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत फोटो काढला की फोन उजेड वाढवतो, वाढवलेल्या उजेडासोबत आलेला दाणेदारपणा पुसतो, आणि त्या पुसण्यात टाकीच्या खाचाही जातात. दगड लोण्यासारखा गुळगुळीत दिसतो. ते जातं शेवटी कधी टाकलं, चालू होतं की कोपऱ्यात पडून होतं, हे सांगणारी एकमेव खूण यंत्राला कचरा वाटली. पितळी पातेल्याच्या आतली कल्हई उडून मधूनमधून पिवळं दिसत असेल, तर कल्हईवाला बऱ्याच दिवसांत दारावर आला नाही आणि त्यात आता आंबट काही शिजवत नसणार, एवढं समजतं. ‘हील’ नावाच्या बटणानं ते पिवळे ठिपके एका झटक्यात बरे होतात. बरे होतात म्हणजे खोटे होतात.

तांब्याच्या घंगाळाची गंमत निराळी. सगळी चौकट तांबूस झाली की फोनला वाटतं हा पिवळ्या दिव्याचा दोष आहे, म्हणून तो निळा मिसळून रंग ‘सरळ’ करतो आणि तांबं निस्तेज पडतं. बीदरकडून आलेली एखादी बिदरी सुरई किंवा पानदान एखाद्या जुन्या घरात निघतं. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूला तिथल्या किल्ल्यातल्या मातीच्या लेपानं काळं करतात आणि त्या काळ्यावर चांदी उठून दिसते, हीच त्या कारागिरीची सारी किमया. फोन त्या काळ्यालाही उजळून शिशासारखं करडं करून टाकतो. शतकानुशतकं कारागिरांनी काळा रंग साधला आणि आपण तो एका अंगठ्यानं घालवला.

पण या मताला घरातूनच विरोध होतो, आणि तो मला यंत्राच्या विरोधापेक्षा अवघड वाटतो. चुलीजवळ फोन घेऊन बसलो होतो तेव्हा आत्या म्हणाली, “अरं, त्या काळ्या तव्याचा काय फोटू काढायलास? थांब, घासून देते.” तिच्या बोलण्यात लाज होती आणि अभिमानही होता. पाहुण्यासमोर घासलेलंच भांडं ठेवायचं, हा तिचा जन्माचा नियम. तिच्या तव्याची काजळी जगाला दाखवणारा मी कोण? शहरात राहून आलेल्या भाच्याला काजळीत इतिहास दिसतो, तिला त्यात राहून गेलेलं काम दिसतं. गरिबाच्या घरातल्या पोचे पडलेल्या भांड्यांचे फोटो काढून ते कलात्मक म्हणून मिरवणाऱ्यांचा मलाही राग येतो. भांडं घासून फोटोला ठेवण्याचा हक्क ज्याचं भांडं त्याचा आहे, यात मला शंका नाही.

मात्र आत्याचं घासणं आणि फोनचं उजळणं यांत फरक आहे. आत्यानं तवा घासला तर तो खरोखर घासला जातो. त्या दिवशी, त्या हातानं, ती वस्तू तशी होती. फोटोत उमटतं ते झालेलं असतं. फोन न घासताच घासल्याचं दाखवतो. पहिल्यात कष्ट आहेत आणि दुसऱ्यात कष्टांची नक्कल. म्हणून मी म्हणतो, घासायचं तर राखेनं घासा, स्क्रीनवर घासू नका.

विकण्यासाठी काढलेले फोटो मी वेगळे धरतो. पापड, कुरडया, शेवया, लोणची करून विकणाऱ्या बायका आज व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाईक शोधतात, आणि उजळ, स्वच्छ फोटो ही त्यांची गरज आहे. दुकानदार दिवे लावतो तेव्हा आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. त्यांनी एवढंच पाळावं की मसाल्याचा रंग असेल त्याहून लाल करू नये. डबा उघडल्यावर गिऱ्हाईक फसलं की दुसऱ्यांदा येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मला खरी चीड येते ती उलट्या दिशेच्या खोटेपणाची. फोटो पिवळसर करायचा, कडा काळवंडून टाकायच्या, उजेडात धूळ तरंगते आहे असं दाखवायचं, कंदिलाभोवती तांबूस वलय आणायचं आणि खाली लिहायचं, ‘गेले ते दिवस’. हमरस्त्यावरच्या धाब्यांवर भिंतीला सूप आणि दारात बैलगाडीचं चाक लावलेलं असतं, त्याचाच हा फोनमधला अवतार. चकचकीत करणारा निदान कालचा डाग पुसतो. हा जुनाटपणा चढवणारा कालचा त्रास पुसतो. चुलीच्या धुरानं आमच्या आयाबायांचे डोळे गेले, छात्या गेल्या. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हा सिलेंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना फुकणीची आठवण गोड वाटत नव्हती. कंदील सुंदर होता म्हणून कुणी लावला नाही, वीज नव्हती म्हणून लावला.

आणि त्या दिवसांत भांड्यांनाही जात होती. वाड्यातल्या माजघरात तांब्यापितळेची उतरंड होती, गावकुसाबाहेर मातीची गाडगी आणि पुढं जर्मनची भांडी आली. चहाच्या हॉटेलात काही माणसांची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला ठेवलेली असे आणि त्यांनीच ती धुवून ठेवायची असे. ‘वारसा’ या एका पिवळ्या फिल्टरखाली वाड्यातलं घंगाळ आणि वळचणीची ती फुटकी बशी एकाच रंगाची दिसतात. हा रंग मला चालत नाही. त्या बशीचा फोटो मिळाला तर तिच्या तड्यासकट, तिच्या जागेसकट मिळायला हवा.

मग संपादन करायचं कसं? उघडकीला आणणारं करायचं, असं माझं उत्तर आहे, आणि त्याला अवजारं तीच लागतात. शिलालेख वाचणारे अक्षरांवर समोरून उजेड टाकत नाहीत, बाजूनं, पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकतात, म्हणजे खोदलेल्या रेषेत सावली भरते. ताटावरचं झिजलेलं नाव वाचायचं तर हेच करा. खोली अंधारी करून दुसऱ्या फोनची बॅटरी ताटाच्या कडेला आडवी धरा. मग त्या फोटोचा रंग काढून टाका आणि कृष्णधवलात काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवा. डोळ्याला न लागलेली अक्षरं वर येतात. स्नॅपसीडसारख्या फुकट अॅपमध्ये ही सोय आहे. हे संपादन मूळ फोटोपेक्षा खरं आहे, असं म्हणायला मी कचरत नाही.

बाकीचं सोपं आहे. दारातल्या सावलीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात वस्तू ठेवा. स्टीलच्या नाहीतर लखलखीत पितळेच्या भांड्यात तुमचंच तोंड दिसत असेल तर मध्ये पांढरं धोतर धरा, उजेड मवाळ होतो. फोन अगदी जवळ नेऊ नका. मुख्य भिंग विस्तृत कोनाचं असल्यानं जवळून तांब्याचं पोट फुगतं आणि तळ बारका होतो. दोन पावलं मागे या आणि दुपटीनं मोठं करून घ्या. स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून धरा आणि उजेडाची दांडी खाली ओढा, तवा काळा होईपर्यंत. शेजारी पांढरा कागद ठेवा, मागाहून रंग त्याच्यावरून जुळवता येतो. दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं, म्हणजे पन्नास वर्षांनी बघणाऱ्यालाही वस्तूचं माप कळेल. चौकट कापायला हरकत नाही, वाकडा फोटो सरळ करायला हरकत नाही. पुसायचं मात्र काही नाही. मूळ फोटो वेगळा ठेवा आणि संपादित वेगळा.

यानं फोटो कोरडे होतील, त्यांना ‘लाइक’ मिळणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. खरा आहे. पण ते कुणासाठी काढायचे याचा विचार करताना मला नेहमी शेजारचा लातूर जिल्हा आठवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जड मातीची माळवदं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. गावंच्या गावं उठून नव्या जागी वसली. माणसांपुढे भांड्यांचं दुःख कुणी काढत नाही आणि काढूही नये. पण वाचलेल्यांना पुढच्या आयुष्यात आपलं जुनं घर आतून कसं होतं हे दाखवायला काही राहिलं नाही. लग्नाचा एखादा फोटो कुणाकडे असेल, चुलीचा, कोनाड्याचा, उतरंडीचा कुणाकडे असणार? आग लागो, पूर येवो, पंचनाम्यात घरातलं सगळं ‘संसारोपयोगी साहित्य’ या दोन शब्दांत बसवलं जातं. सरकारी कागदाला तेवढं पुरतं. त्या दोन शब्दांच्या आत काय काय होतं हे सांगणं घरच्यांचंच काम आहे, आणि ते आधीच करून ठेवावं लागतं.

म्हणून माझी विनंती आहे. घरातली सर्वांत साधी, बिनकौतुकाची वस्तू आधी घ्या, घंगाळ मागाहून. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि ती कुठून आली, कशाच्या बदल्यात आली, कुणी वापरली, त्यांचे शब्द असतील तसे लिहून घ्या. ते म्हणाले घासून देतो, तर घासू द्या आणि दोन्ही फोटो ठेवा. आणि फोनवर विसंबू नका. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, भरला की पोरं फोटो उडवतात. कुठल्याही तालुक्याच्या फोटो स्टुडिओत पोस्टकार्डाएवढी प्रत काढून मिळते. ती काढा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून उमटतो.